क्लचची खातेनिहाय चौकशी

पेन्शनीत निघालेल्या माणसांचे पुणे शहरात जे अनेक पंथ आहेत, त्यांपैकी पहाटे पर्वती चढणारांचा, वर्तमानपत्रांना पत्रे लिहिणारांचा आणि सोसायटीच्या वार्षिक सभेत मागील सभेच्या इतिवृत्तास हरकत घेणारांचा, हे तीन पंथ सर्वपरिचित आहेत; परंतु तारुण्यात घेतलेली मोटार अद्याप विकली नाही एवढ्या एकाच पुण्याईवर चारचौघांत मान मिळवून राहिलेल्या गृहस्थांचा चौथा पंथ संख्येने अल्प असल्यामुळे लेखकांच्या दृष्टीतून बहुधा निसटलेला दिसतो. या पंथाची आणि जुन्या मोटारींचा संग्रह करणाऱ्या धनिकांची गल्लत करू नये. धनिकाची मोटार नोकर पुसतात, ती ट्रकवर चढून प्रदर्शनाच्या जागी जाते, आणि मालक तीत बसतो तो छायाचित्रापुरता. आमच्या पंथीयाने मोटार हौसेने जतन केलेली नसते; ती विकण्याचा मुहूर्त दरवर्षी हुकत गेल्यामुळे ती त्याच्यापाशी उरलेली असते, इतकेच. मात्र पुरेशी वर्षे लोटली म्हणजे या दिरंगाईलाच वारसा असे भारदस्त नाव मिळते, आणि मालकाच्या चालण्याबोलण्यात एक प्रकारचे गांभीर्य उतरते. हा मालक जर निवृत्त महसुली अधिकारी असला, तर त्या गांभीर्याला दफ्तराची जोड मिळते, आणि मग शेजाऱ्यांना करमणुकीसाठी नाट्यगृहाची पायरी चढावी लागत नाही.

आमच्या शेजारचे मामलेदारसाहेब हे या पंथाचे मुकुटमणी होत. सातारा, सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतील तालुक्यांची जमाबंदी, टंचाई आणि निवडणुका निभावून ते निवृत्त झाले. परंतु निवृत्त झाले ते केवळ पगारापुरते. दूधवाल्याचे खाडे ते अद्याप तारीखवार नोंदवतात, गळक्या नळाविषयी घरातून आलेल्या तक्रारीस आवक क्रमांक देतात, आणि मामलेदारीणबाईंनी एखादी वस्तू दुसऱ्यांदा मागितली तर ‘मागील संदर्भ काय?’ असा प्रश्न त्यांच्या तोंडून अभावितपणे निघून जातो. मोटारीची त्यांच्याकडे स्वतंत्र नस्ती आहे. ती लाल फितीने बांधलेली आहे, हे निराळे सांगण्याचे कारण नाही. सांगण्यासारखी गोष्ट ही की मोटार पावसात भिजलेली आम्ही पुष्कळदा पाहिली आहे, नस्ती भिजलेली एकदाही पाहिली नाही.

मोटार आहे स्टँडर्ड हेराल्ड. ज्या काळी आपल्या देशात मोटार घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थापुढे अँबॅसडर, फियाट आणि हेराल्ड एवढ्या तीनच वाटा होत्या, आणि त्यांतल्या कोणत्याही वाटेने जायचे म्हटले तरी प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे तिष्ठत राहावे लागे, त्या काळातील ही गाडी. कॉव्हेंट्रीच्या कारखान्याने १९५९ साली ट्रायम्फ हेराल्ड या नावाने ती इंग्लंडात काढली; तिची आकृती इटलीतील जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी रेखाटली; आणि १९६१ पासून मद्रासच्या कंपनीने तिचा देशी अवतार बाजारात आणला. इंजिन ९४८ सीसीचे. बॉनेट पुढच्या बाजूच्या बिजागरीवर दोन्ही मडगार्डांसकट आडवे होते, त्यामुळे गाडी उघडली की पुढची चाके, इंजिन आणि मालकाची चिंता ही तिन्ही रस्त्यावरून एकदम दिसतात. पुढची चाके इतकी वळतात की अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात ती फिरते. मामलेदारसाहेबांनी ती वाईस असताना एका डॉक्टरांकडून घेतली, आणि अरुंद रस्त्यात एका झटक्यात दिशा बदलण्याचे हे तिचे कसब तिच्याखेरीज फक्त मंत्र्यांनाच साध्य होते, असे ते खासगीत सांगत. पुढे मद्रासची कंपनी मिटली. तेव्हापासून हेराल्डचा एखादा सुटा भाग हवा असला तर आधी नाना पेठ, मग मुंबईचा चोरबाजार, आणि तेथेही दाद लागली नाही तर मद्रासचे पुदुपेट, अशी चढती अपिले करावी लागतात.

या मोटारीची रिव्हर्स गिअर टाकताना एकाएकी ‘खर्रर्र’ अशी कुरकूर सुरू झाली, आणि काही दिवसांनी पहिला गिअरही तिच्यात सामील झाला.

ज्यांनी मोटार चालवली आहे पण उघडली नाही, अशा सज्जनांसाठी येथे थोडे विशद करणे प्राप्त आहे. इंजिन सुरू असेतोवर त्याच्या पाठीमागचे जड फ्लायव्हील फिरत राहते; त्या फ्लायव्हीलवर क्लचची वाटोळी प्लेट प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगांनी घट्ट दाबून धरलेली असते, आणि या दाबामुळेच इंजिनाची गती गिअरबॉक्समार्गे चाकांपर्यंत पोहोचते. गिअर बदलायचा म्हणजे हा संबंध क्षणभर तोडावा लागतो. हेराल्डमध्ये चालकाने पॅडल दाबले की बॉनेटखालच्या मास्टर सिलिंडरातील तेल नळीतून पुढे रेटले जाते. ते गिअरबॉक्सच्या कडेच्या छोट्या सिलिंडरातील दट्ट्या सरकवते. दट्ट्या एक काटा हलवतो, काटा रिलीज बेअरिंग दाबतो, बेअरिंगमुळे प्रेशर प्लेट मागे हटते, आणि मग कुठे क्लचप्लेट मोकळी होते. कलेक्टर कचेरीतून निघालेला हुकूम प्रांत, मामलेदार, सर्कल आणि तलाठी अशा पायऱ्या उतरत खातेदारापर्यंत जसा जातो, तसाच हा प्रवास आहे, हे मामलेदारसाहेबांच्या ध्यानात फार पूर्वीच आले होते, आणि ते हा दृष्टांत पाहुण्यांना आवर्जून ऐकवीत. मात्र तसल्या प्रवासात हुकुमाचे वाटेत काय काय होते याचा उभ्या नोकरीतील अनुभव त्यांनी या प्रकरणी विचारात घेतला नाही, असे आमचे नम्र मत आहे.

नेहमीचे मिस्त्री बोलावण्यावरून आले. त्यांनी इंजिन सुरू केले, पॅडल एकदा दाबून रिव्हर्स टाकून पाहिला, गिअर खरखरला. मग पॅडल लागोपाठ दोनदा दाबले, आणि गिअर लोण्यासारखा पडला. ‘‘साहेब,’’ ते उतरता उतरता म्हणाले, ‘‘पॅडल मारल्यावर गिअर पडतोय, म्हणजे प्लेट ठीक आहे. खालच्या सिलिंडरचा वॉशर गेलाय. हवा पकडतंय. किट टाकू, हवा काढू, अर्ध्या दिवसाचं काम.’’

हे निदान मामलेदारसाहेबांना तीन कारणांनी अमान्य झाले. ते तोंडी होते, ते तात्काळ होते, आणि ते स्वस्त होते. ज्या प्रकरणाचा निकाल पहिल्याच तारखेस लागतो त्या प्रकरणात काहीतरी दडपले गेले आहे, अशी त्यांची पक्की धारणा. आणि इतकी वर्षे इमानाने धावलेल्या मोटारीस काही विकार जडायचाच, तर तो रबराच्या बोटभर वाटीमुळे जडावा, हे त्यांना मोटारीच्या दर्जास शोभणारे वाटेना. त्यांनी मिस्त्रींना चहा पाजून निरोप दिला आणि नस्ती सोडली. क्लचप्लेट ३५ वर्षे सेवेत असल्याचे तीत निष्पन्न झाले. शासकीय सेवेतून इतक्या सेवेनंतर कोणासही मानाने घरी पाठवले जाते. सबब प्लेटला वयपरत्वे निवृत्त करावे आणि तिच्या जागी नवीन नेमणूक करावी, असा हुकूम त्याच रात्री, खाली लफ्फेदार सही करून, निघाला. प्लेटचे म्हणणे मागवले गेले नाही.

नवी प्लेट इंग्लंडातून आली. हेराल्डचे भाग तिकडे अजून तयार होतात, आणि मामलेदारसाहेबांचा भाचा तिकडे नोकरीस असल्याने त्याने ती सुट्टीवर येताना कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणली. मामलेदारीणबाईंनी तिला हळदकुंकू वाहिले. दुर्दैव एवढेच की मिस्त्री नेमके त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नासाठी सोलापूरकडे गेलेले होते. आणि बदलून आलेला अंमलदार दारात हजर असताना त्यास रुजू करून न घेणे हे मामलेदारसाहेबांच्या लेखी केवळ अशिष्टच नव्हे तर बेकायदा होते. वरच्या मजल्यावर अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी राहतो. त्याच्या परीक्षा नुकत्याच आटोपल्या होत्या, म्हणजे ज्ञान विसरण्यास अद्याप अवधी मिळाला नव्हता. त्यास आणि त्याच्या दोन मित्रांना सकाळी आठ वाजता हजर राहण्याची ताकीद मिळाली.

हेराल्डच्या रचनेतील एक वैशिष्ट्य या ठिकाणी नमूद केले पाहिजे, कारण पुढील सर्व कौटुंबिक कलहाचे ते मूळ आहे. इतर बहुतेक मोटारींचा गिअरबॉक्स खालून उतरवतात. हेराल्डचा गिअरबॉक्स घरातल्या घरात, म्हणजे प्रवाशांच्या बसण्याच्या जागेतून, वर काढतात. त्यासाठी पुढच्या दोन्ही सीट बाहेर घ्याव्या लागतात, मधल्या फुगवट्यावरचे पुठ्ठ्याचे आवरण स्क्रू सोडवून उचलावे लागते, आणि मग तो अवजड ऐवज दोघातिघांनी उचलून डाव्या दारातून अंगणात आणावा लागतो. त्या दिवशी दोन्ही सीट मामलेदारांच्या दिवाणखान्यात आल्या, पुठ्ठा देवघराच्या भिंतीशी टेकला, आणि गिअरबॉक्स तुळशीवृंदावनापाशी जुन्या धोतरावर विराजमान झाला. निघालेल्या प्रत्येक बोल्टास चिठ्ठी लावण्यात आली. साहेब स्वतः खुर्चीवर बसून इंग्रजी दुरुस्तीपोथीतील एकेक कलम मोठ्याने वाचत, आणि विद्यार्थी ते अमलात आणी.

जुनी प्लेट निघाली तेव्हा तिच्यावरचे अस्तर निम्म्याहून अधिक शिल्लक असल्याचे विद्यार्थ्याने दाखवले. ‘‘सुस्थितीत निवृत्त झाली,’’ असा शेरा साहेबांनी मारला, आणि तिला कपाटात ठेवून कुलूप लावले.

नवी प्लेट बसवताना ती बरोबर मध्यावर धरावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा दांडा तिच्या भोकात शिरत नाही. त्यासाठी त्याच मापाचा एक लाकडी किंवा लोखंडी नमुनादांडा वापरतात. तो घरात नव्हता. बराच शोध घेतल्यानंतर मामलेदारीणबाईंचे लाटणे त्या मापास उतरले, आणि ते पंचांसमक्ष ताब्यात घेण्यात आले. आता एकच प्रश्न उरला. प्लेटच्या दोन बाजू सारख्या नसतात, मधला फुगीर भाग एकीकडे कमी आणि दुसरीकडे अधिक असतो, तेव्हा कोणते तोंड कोणीकडे करावे, असे विद्यार्थ्याने विचारले. साहेबांनी प्लेट हातात घेऊन न्याहाळली. एका बाजूस बारीक इंग्रजी अक्षरे होती, चष्मा मात्र आत पोथीवर राहिला होता. ‘‘चिरंजीव,’’ ते म्हणाले, ‘‘जाहीरनामा चिकटवताना मजकूर भिंतीकडे करतात की वाचणाऱ्याकडे?’’ विद्यार्थ्याने अर्थातच वाचणाऱ्याकडे असे सांगितले. ‘‘मग अक्षरे आपल्याकडे येऊ द्या,’’ साहेब म्हणाले, आणि तसे करण्यात आले.

सायंकाळी गिअरबॉक्स परत चढला. इंजिन बंद असताना चारही गिअर आणि रिव्हर्स असे काही सुरेख पडू लागले की साहेबांनी विद्यार्थ्यांना पेढे वाटले. मग इंजिन सुरू केले, आणि त्यानंतर एकही गिअर पडेना. पूर्वी खरखरत का होईना पडे, आता गिअरबॉक्स नुसताच गरजू लागला. पॅडल एकदा दाबा, दोनदा दाबा, देवाचे नाव घेऊन दाबा, फरक शून्य.

येथून चौकशी सुरू झाली, आणि मामलेदारसाहेबांच्या चेहऱ्यावर निवृत्तीनंतर प्रथमच खरे तेज चढलेले आम्ही पाहिले. संशयितांची यादी झाली. तीत मास्टर सिलिंडर होता, नळी होती, काटा होता, गिअरबॉक्सचे तेल होते, इंजिनाची बैठक होती, इतकेच काय पण पॅडलवरची झिजलेली रबरी टोपीही होती. नव्हती फक्त नवी प्लेट. विद्यार्थ्याने दबक्या आवाजात एकदा, ‘‘काका, शेवटी हात लावला तो प्लेटलाच ना,’’ असे सुचवून पाहिले. त्यावर साहेबांनी त्याच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती दृष्टी पूर्वी उशिरा येणाऱ्या अव्वल कारकुनांसाठी राखीव असे. प्लेटची निवड सक्षम अधिकाऱ्याने केली होती, हुकमावर त्याची सही होती, आणि ज्याची नेमणूक आपल्या सहीने झाली त्याच्यावर संशय घेणे म्हणजे सहीवर संशय घेणे होय. आम्ही आयुष्यात पुष्कळ कचेऱ्यांचे उंबरे झिजवले आहेत. नव्या माणसाच्या चुकीची सजा जुन्या माणसास का होते, याचा उलगडा आम्हांस त्या अंगणात झाला.

प्लेटची म्हणून एक परीक्षा तेवढी झाली, तीही तिच्या गौरवार्थ. हँडब्रेक ओढलेला, पॅडल तळापर्यंत दाबलेले, गिअर पहिला, अशा स्थितीत स्टार्टर मारला असता क्लच सुटणारा असेल तर गाडीने जागेवरून हलू नये. गाडी उसळी मारून गुलाबाच्या दोन कुंड्यांवर गेली. पॅडल दाबूनही प्लेट सुटत नाही, हा याचा सरळ अर्थ. परंतु पंचनाम्यात नोंद झाली ती अशी: ‘नवीन प्लेटची पकड अत्यंत मजबूत असून ती आपले कर्तव्य कोणत्याही परिस्थितीत सोडीत नाही.’

पेठेत ही वार्ता पसरल्यावर जबान्या देण्यास लोक आपण होऊन येऊ लागले. उघड्या बॉनेटभोवती पुणेकर जमला म्हणजे तो बघ्या राहत नाही, तज्ज्ञ होतो. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी दोष पेट्रोलमधील भेसळीवर ठेवला. दुसऱ्या एकाने फ्लायव्हीलच्या मध्यावरची बुशी आवळली गेली असावी असे सांगितले, आणि ते इतके शक्य कोटीतले होते की त्याचे कोणी ऐकले नाही. त्यांतल्या त्यांत वजनदार साक्ष झाली ती एस.टी.च्या एका निवृत्त चालकाची. वरंधा घाटात क्लचचे पॅडल तुटले असता आपण भरलेली गाडी तशीच महाडपर्यंत नेली, असे ते म्हणाले. आणि प्रतिज्ञेवर केलेले हे विधान प्रत्यक्ष करून दाखवण्याची त्यांची तयारी असल्याने स्थळपाहणीचा हुकूम झाला.

ती स्थळपाहणी आम्ही डोळ्यांनी पाहिली. चौकशी पूर्ण होईपर्यंत सीट जागेवर बसवू नयेत अशी ताकीद असल्यामुळे चालकमहाशय लाकडी खोक्यावर आणि मामलेदारसाहेब जेवणाच्या पाटावर बसले होते. दोघांच्या मधोमध गिअरबॉक्स उघडावाघडा होता. आणि बाहेरून पाहणाऱ्यास साहेबांची केवळ टोपी दिसत होती. चालकाने इंजिन बंद ठेवूनच पहिला गिअर टाकला आणि स्टार्टर मारला. गाडीने दोन आचके दिले, इंजिन पेटले, आणि हेराल्ड निघाली. पुढे इंजिनाचा सूर कानाने जोखून, अ‍ॅक्सिलरेटर नेमक्या क्षणी सोडून, त्यांनी क्लचला पाय न लावता दुसरा आणि तिसरा गिअर असा अलगद टाकला की आम्ही मनोमन हात जोडले. ही विद्या पाठ्यक्रमात नाही आणि तिला पदवीही नाही. टिळक रस्त्यापर्यंत सर्व सुरळीत झाले. तेथे तांबडा दिवा लागला. क्लच सुटत नसलेली गाडी थांबते ती इंजिनासकट थांबते; मग हिरवा दिवा लागताच ती पुन्हा स्टार्टरने आचके देत उड्या घेऊ लागली, तेव्हा पोलिसाने शिट्टी वाजवली आणि खिडकीत वाकून पाहिले. पाटावर मांडी घालून बसलेल्या वृद्ध गृहस्थाने त्यास गंभीरपणे, ‘‘चौकशी चालू आहे,’’ असे सांगितले. पोलीस काय समजला कोण जाणे, पण त्याने सलाम केला आणि वाट दिली.

इकडे घरात निराळाच गुंता होऊ घातला होता. लाटणे मुद्देमाल म्हणून कपाटात असल्याने मामलेदारांच्या घरी पोळ्या बंद झाल्या. हाताने थापता येते म्हणून भाकरी सुरू झाली. ती साहेबांच्या दातांस झेपेना. त्यांनी लेखी नाराजी व्यक्त केली. त्यावर मामलेदारीणबाईंनी, ‘‘अहो, जिन्नस तुमच्या ताब्यात, आणि तक्रार माझ्याकडे कशाला?’’ असा तोंडी खुलासा केला, ज्यास उत्तर नव्हते. उलट सीटबद्दल त्यांची काही तक्रार उरली नव्हती. पहिल्या दिवशी अडगळ वाटलेल्या त्या दोन सीट भिंतीशी टेकवून मांडल्यावर मटार सोलण्यास, दुपारी पेंगण्यास आणि भिशीच्या बायकांना बसवण्यास इतक्या सोयीच्या ठरल्या की त्यांवर त्यांनी विणलेले रुमालही घातले. खात्याची मालमत्ता अशीच कब्जेवहिवाटीने हातची जाते, हे साहेबांना ठाऊक होते. पण ते बोलले नाहीत.

अखेर मिस्त्री सोलापूरहून परतले. त्यांना नस्ती वाचावयास देण्यात आली. त्यांनी ती आदराने कपाळास लावून बाजूस ठेवली, खोक्यावर बसून पॅडल एकदा दाबले, क्षणभर कान दिला, आणि म्हणाले, ‘‘साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’’

‘‘कोणत्या आधारावर?’’

‘‘उतरवल्यावर सांगतो.’’

हा आधार कायद्यात बसणारा नव्हता, पण मामलेदारसाहेबांचे दात भाकरीने दुखत होते, त्यामुळे मंजुरी मिळाली. गिअरबॉक्स पुन्हा डाव्या दारातून अंगणात आला. प्रेशर प्लेट सुटली, आणि नवी प्लेट मिस्त्रींच्या तळहातावर आली. तिच्या मधल्या फुगवट्यावर फ्लायव्हीलच्या बोल्टांनी घासघासून एक चकचकीत वळे उमटले होते. मिस्त्रींनी ती उलटसुलट करून पाहिली, आणि काही न बोलता, अक्षरांवर बोट ठेवून, विद्यार्थ्यापुढे धरली. विद्यार्थ्याने वाचले, ‘‘फ्लायव्हील साइड.’’

अंगणात कोणी हलले नाही. जी बाजू फ्लायव्हीलला लागायची, ती इतके दिवस गिअरबॉक्सकडे तोंड करून होती. आणि जो जाड फुगवटा मागे असावयाचा, तो पुढे जाऊन बोल्टांवर टेकला होता, त्यामुळे प्रेशर प्लेट कितीही मागे हटली तरी क्लचप्लेट मोकळी होणे शक्यच नव्हते. मामलेदारसाहेबांनी चष्मा मागवला, अक्षरे स्वतः वाचली, मग नस्ती मागवली, आणि उभ्याउभ्याच निष्कर्ष सांगावयास आरंभ केला: ‘मजकूर हा वाचणाराच्या सोयीसाठी असतो. प्रस्तुत मजकूर यंत्राच्या बाजूस वाचला जावा अशा अपेक्षेने छापलेला असून यंत्रास वाचता येत नाही. सबब छापणाराचा हेतू अनाकलनीय आहे. प्लेटची नेमणूक नियमास धरून असल्याने ती कायम करण्यात येत आहे; फक्त तिचे तोंड बदलावे.’ मिस्त्रींनी तोंड बदलले. त्यासाठी लाटणे कपाटातून एका तासाच्या मुदतीवर सोडण्यात आले, आणि मुदत संपताच मामलेदारीणबाईंनी ते परस्पर स्वयंपाकघरात नेले.

गिअरबॉक्स चढला, इंजिन सुरू झाले, पहिला गिअर पडला, दुसरा पडला, सर्वांनी निःश्वास सोडला, आणि मग रिव्हर्स टाकताना पुन्हा ऐकू आले ते ‘खर्रर्र’. अगदी पहिल्या दिवसाचे. मिस्त्रींनी साहेबांकडे पाहिले, साहेबांनी आकाशाकडे पाहिले. मिस्त्रींनी पॅडल दोनदा दाबले, आणि गिअर पडला.

छोटा सिलिंडर उघडल्यावर आतून काळे पडलेले तेल आणि कडेने झिजलेली रबरी वाटी बाहेर आली. तेल दबत नाही, त्यामुळे पॅडलचा जोर जसाच्या तसा पुढे पोहोचतो. हवा दबते, त्यामुळे नळीत हवा शिरली की जोराचा मोठा हिस्सा हवा दाबण्यातच खर्ची पडतो आणि दट्ट्या जागच्या जागी चुळबुळतो, असे मिस्त्रींनी चार शब्दांत समजावले. ‘‘म्हणजे हुकूम वाटेतच जिरतो,’’ मामलेदारसाहेब पुटपुटले, आणि बराच वेळ त्या वाटीकडे पाहत राहिले.

हवा काढण्याच्या कामास दोन माणसे लागतात. एकाने पॅडलवर बसायचे आणि दुसऱ्याने सिलिंडरच्या निपलला रबरी नळी लावून तिचे टोक बाटलीतील तेलात बुडवायचे. मिस्त्री खाली वाकले, पॅडलवर साहेबांची नेमणूक झाली. ‘‘दाबा,’’ मिस्त्री म्हणत, साहेब दाबत. ‘‘धरा’’, साहेब धरत. निपल सैल होई, बाटलीत बुडबुडे उठत, निपल आवळले जाई. ‘‘सोडा’’, साहेब सोडत. एकदा त्यांनी आपण होऊन सोडले, तेव्हा, ‘‘सांगितल्याशिवाय सोडायचं नाही, साहेब,’’ असे खालून आले, आणि ज्या गृहस्थापुढे सबंध तालुका चळचळ कापत असे त्याने, ‘‘बरं,’’ असे म्हटले. बुडबुडे बारीक होत गेले, विरळ झाले, आणि नुसते तेल येऊ लागले. रिव्हर्स पडला तो ऐकूही आला नाही.

सीट मोटारीत परत गेल्या, पण त्यांवरचे रुमाल काढू देण्यास मामलेदारीणबाईंनी नकार दिल्यामुळे त्या रुमालांसकट गेल्या. जुन्या प्लेटबाबत, ती निर्दोष असताना तिला सेवेतून कमी करण्यात आले हे मान्य करून, तिला पूर्वलक्षी प्रभावाने सन्मान देण्यात आला, म्हणजे मोटारीच्या नस्तीचे कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून नस्तीवर ठेवण्यात आले.

मिस्त्रींनी सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी, वॉशर किट, ब्रेक ऑइल आणि हवा काढणे, अशा चार बाबी होत्या. मामलेदारसाहेबांनी पहिल्या तीन बाबींपुढे तांबड्या पेन्सिलीने खुणा केल्या. चौथीपाशी पेन्सिल थांबली.

‘‘मिस्त्री, या मोटारीतून काढलेली प्रत्येक वस्तू जमेस धरलेली आहे. जुनी प्लेट नस्तीवर आहे, जुना वॉशर पाकिटात आहे, जुनं तेल बाटलीत आहे. तुम्ही हवा काढली म्हणता. ती कुठे जमा केलीत?’’

मिस्त्रींनी फडक्याने एकेक बोट पुसले.

‘‘साहेब, मागच्या डाव्या चाकात कमी होती. तिथं भरली.’’

मामलेदारसाहेबांनी वाकून चाक दाबून पाहिले, समाधानाने मान हलवली, आणि चौथी बाब मंजूर केली.